युनिटचा लाखावा भाग

"हात उताणा ठेव आणि हलवू नकोस," सुवार्ता सिस्टर म्हणाल्या. निळ्या पेनानं त्यांनी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत सहा गोल काढले. प्रत्येक गोलात एकेक थेंब टाकला आणि थेंबातून सुईचं टोक कातडीला जेमतेम टेकवलं.

"दुखलं का?"

"काही नाही."

"पहिल्यात नुसतं मिठाचं पाणी आहे. दुसऱ्यात मुद्दाम खाज आणणारं औषध, तुझी कातडी खरं बोलते का ते बघायला. मग तीन तऱ्हेची इन्सुलिनं. आणि सहाव्यात इन्सुलिन सोडून बाटलीत जे बाकीचं असतं ते सगळं. पंधरा मिनिटं खाजवायचं नाही."

मी पाचव्या महिन्यात होते. मंगळवेढ्याहून सोलापूरच्या या मोठ्या दवाखान्यात मला आणलं होतं आणि अतिदक्षता विभागातल्या खिडकीकडच्या खाटेवर ठेवलं होतं. काचेच्या दाराबाहेर बाकावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. नवरा रेवणसिद्ध दूध संघाचा टँकर चालवायचा. आम्हाला सोडून तो पहाटेच पुण्याच्या वाटेला लागला होता.

पहिल्या खेपेलाही मला दिवस असताना साखर निघाली होती. तेव्हा सातव्या महिन्यात इन्सुलिन सुरू झालं, दीड महिना घेतलं, त्याचा कसला त्रास झाला नाही. ते बाळ जन्मलं तेच निपचित. मुलगा होता. त्यानंतर इन्सुलिन बंद झालं. तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, पुन्हा साखर चढली, पुन्हा सुई सुरू झाली. आठवडाभर ठीक गेलं. नवव्या दिवशी टोचलेल्या जागी बोराएवढी गाठ आली, बाराव्या दिवशी अंगभर पित्त उठलं आणि चौदाव्या दिवशी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या माझा घसा आवळला. गावच्या डॉक्टरांनी सुई बंद करून गोळ्या दिल्या, वाढवल्या, भात तोडला. साखर काही ऐकेना.

पंधरा मिनिटांनी डॉक्टर मुजावर आल्या. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या, बोलायला हळू. त्यांनी पट्टी लावून गोलांतले फुगवटे मोजले. पहिला गोल साफ होता. दुसरा फुगला होता. तिसरा, चौथा, पाचवाही फुगले होते, त्यातला पाचवा जरा कमी. सहावा कोरा.

"म्हणजे बाटलीतल्या बाकीच्या औषधांची अ‍ॅलर्जी नाही," त्या म्हणाल्या. "तसं असतं तर बाटली बदलून भागलं असतं. तुमच्या अंगाला इन्सुलिनच चालत नाहीये. मधे थांबून पुन्हा सुरू केलं की काही जणांना असं होतं."

"मग आता काय करायचं?"

"अंगाला सवय लावायची. पाचव्या गोलातलं इन्सुलिन घेऊ, ते सगळ्यात कमी चिडवतंय. एका युनिटचा लाखावा भाग आधी देऊ. अर्धा तास बघू. काही झालं नाही तर वाढवू. असं चढत चढत तुम्हाला लागेल तेवढ्या डोसापर्यंत जायचं. तुमच्या अंगाला कळताही कामा नये की आपण आत शिरलो."

"आणि अंगाला कळलं तर?"

त्यांनी उशाजवळच्या ट्रेकडे बोट दाखवलं. त्यात एक भरलेली सिरिंज वेगळी ठेवली होती. "ते तेव्हासाठी. पण तिथवर जायचं नसेल तर मला तुमची मदत लागेल. बारीकसं काही वाटलं तरी सांगायचं. खाज, गरमी, घशात काही अडकल्यासारखं. सांगाल?"

"सांगते," मी म्हणाले.

सुवार्ता सिस्टरांनी दहा छोट्या बाटल्या ओळीत मांडल्या. पहिल्या बाटलीत इन्सुलिन आणि मिठाचं पाणी, त्यातलं थोडं दुसरीत, दुसरीतलं थोडं तिसरीत, असं करत त्या पातळ करत गेल्या. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून आकडा घातला. मी दहा वर्षं ब्लाउज शिवत होते. पाव इंच इकडंतिकडं झालं तर बाई परत येते, हे मला माहीत होतं. त्यांचा हात बघून मला धीर आला.

नऊ वाजता सर्वांत पातळ बाटलीतली पहिली सुई पोटाला टोचली. अर्ध्या तासानं दुसरी, मग तिसरी. मधेमधे सिस्टर पोटावर यंत्र ठेवायच्या आणि बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायचे, कोणी घाईनं डबा वाजवत चालल्यासारखे. आत्या काचेला नाक लावून बघायच्या.

"काय वाटतंय?" सिस्टर दर वेळी विचारायच्या.

"काही नाही."

दुपारी जेवण झालं. युनिटचा हजारावा भाग गेला, शंभरावा गेला. तीन वाजता विसावा भाग टोचला. सव्वातीनच्या सुमाराला माझ्या डाव्या तळव्याच्या मधोमध खाज सुटली. फार नाही, मुंगी चालल्यासारखी. मी मूठ वळली आणि नखं आत रुतवली.

"काय वाटतंय?"

"काही नाही," मी म्हणाले.

साडेतीनला युनिटचा दहावा भाग टोचला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. दोन्ही तळवे पेटले. मग कान. ओठ जाड होऊन दातांवर चढले. छातीवर कोणी पोतं ठेवावं तसा श्वास वर येईना. सिस्टरांनी एका हातानं खाट आडवी केली आणि दुसऱ्या हातानं ती वेगळी ठेवलेली सिरिंज माझ्या मांडीत रिकामी केली. कोणीतरी नाकावर ऑक्सिजन लावला. काळीज इतकं धडधडलं की आता तेच बाहेर पडेल असं वाटलं. आणि त्या सगळ्यात सिस्टरांचा आवाज: "डोळे उघडे ठेव, महानंदा. माझ्याकडं बघ. बघत राहा."

दहा मिनिटांत श्वास मोकळा झाला. सिस्टरांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर पोटावर यंत्र ठेवलं. ठोके होते.

पाच वाजता डॉक्टर मुजावर खाटेशी स्टूल ओढून बसल्या. आत्यांना त्यांनी आत बोलावून घेतलं.

"मी हे थांबवतेय," त्या म्हणाल्या. "गोळ्या आणि जेवणावर जेवढं जमेल तेवढं करू."

"आणि बाळ?" मी विचारलं.

"साखर अशीच राहिली तर बाळाला धोका आहे. खोटा धीर देणार नाही मी. पण आज तुमचं अंग एकदम उसळलं. आधी काही इशारा नाही, काही नाही. इशारा मिळाला तर मला मागं फिरता येतं. इशाराच न देणाऱ्या पेशंटला पुढचा डोस द्यायला माझा हात धजावणार नाही. दहाव्या भागाला हे झालं, अख्ख्या युनिटला काय होईल? तुम्हीच हाताशी राहिला नाहीत तर बाळ कुठून वाचवू?"

त्या उठून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. आत्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत, सोडत.

सुवार्ता सिस्टर ओल्या फडक्यानं माझा चेहरा, मान, हात पुसत होत्या. डाव्या हाताशी आल्या आणि थांबल्या. तळवा त्यांनी उजेडाकडे वळवला. त्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उठल्या होत्या, एका जागी रक्तही आलं होतं.

"हे कधीचं?"

मी मूठ मिटायला गेले, त्यांनी मिटू दिली नाही.

"साडेतीनच्या सुईनंतर तर तुझे तळवे सुजले होते, मूठच वळत नव्हती. म्हणजे हे त्याच्या आधीचं."

"सव्वातीनला खाजलं होतं," मी म्हणाले. "थोडंसंच."

सिस्टरांनी फडकं भांड्यात ठेवलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि बसल्या. "मी विचारलं होतं. का नाही सांगितलंस?"

"तुम्ही थांबवलं असतं."

"म्हणून?"

मला दुसरं उत्तर द्यायचं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. तीन वर्षांत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"पहिल्या खेपेला आठवा महिना होता," मी म्हणाले. "घराची वास्तुशांत होती. शंभर माणूस जेवायला. सकाळी उठले तेव्हा बाळ हललं नाही. मला वाटलं, झोपलं असेल. दहा वाजले, बारा वाजले. मी पोळ्या लाटत होते. पोटाला हात लावून बघत होते आणि लाटत होते. सगळे विचारत होते, काय गं, बरं वाटतंय ना. मी म्हणत होते, काही नाही, बरंय. इतकी माणसं जमलेली, गाडी काढायला लावायची, पूजा अर्धी सोडायची, आणि दवाखान्यात गेल्यावर सगळं ठीक निघालं तर किती हसं होईल. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कालच यायला हवं होतं."

पायथ्याशी पिशवीचे बंद गुंडाळणारे हात थांबले होते. आत्या तिथं आहेत हे मी बोलता बोलता विसरूनच गेले होते.

"त्या दिवशी मी तुला तीनदा विचारलं होतं," आत्या म्हणाल्या. "आठवतंय मला. दमलीस का म्हणून."

"हो."

"पीठ मळता मळता विचारलं. पाहुण्यांच्या देखत विचारलं. तुझ्याकडं न बघता विचारलं." त्या खाटेच्या कडेला येऊन बसल्या. "तू दुसरं काय म्हणणार होतीस, पोरी."

त्यांचा हात माझ्या घोट्यावर होता. आम्ही दोघीही रडलो नाही. रडायला वेळ नव्हता, कारण सुवार्ता सिस्टर उठून डॉक्टरांना बोलवायला गेल्या होत्या.

डॉक्टर मुजावर आल्या. सिस्टरांनी तळवा दाखवला, वेळ सांगितली. डॉक्टर तळव्यावर वाकल्या.

"सव्वातीन," त्या म्हणाल्या. "विसाव्या भागानंतर पंधरा मिनिटांनी. नक्की?"

"नक्की. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं मी."

"आणि त्याच्या आधीच्या डोसांना?"

"शंभराव्याला काही नव्हतं. खरंच काही नव्हतं."

"तुमच्यावर रागावायला पाहिजे मी," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्ही आत्ता मला काय दिलंत ते तुम्हाला माहीत नाही. तुमचं अंग इशारा देतं. पंधरा मिनिटं आधी देतं, आणि ठरलेल्या जागी देतं. मग मला काम करता येईल." त्यांनी कागद मागवला आणि खाटेच्या कठड्यावर ठेवूनच नवे आकडे लिहायला घेतले. जिथं आधी एक पायरी होती तिथं आता तीन होत्या. "उद्या सकाळी आठला. शंभराव्या भागाच्या खालून. पण एक अट आहे."

"सांगा."

"'काही नाही' हा शब्द या खोलीत चालणार नाही. डोक्यापासून पायापर्यंत काय काय होतंय ते सांगायचं. काही होत नसेल तर काय काय होत नाहीये ते सांगायचं."

दुसऱ्या दिवशी आठला सुरुवात झाली. पहिल्या सुईनंतर पाच मिनिटांनी सिस्टरांनी विचारलं आणि माझ्या तोंडावर पुन्हा 'काही नाही'च आलं. हे एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. आपल्या अंगाबद्दल इतकं बोलायचं म्हणजे लाजच वाटत होती.

"कपाळ ठीक आहे," मी सुरुवात केली. "ओठ ठीक. जीभ... ठीक. घशात काही नाही, म्हणजे अडकलेलं नाही. तळवे थंड आहेत. पाठीला चादरीची सुरकुती टोचतेय."

"सुरकुती पण लिहू का?" सिस्टरांनी विचारलं आणि खरोखर लिहिली.

दहा वाजेपर्यंत मला त्याची लय सापडली. बाहेरून आत्याही कामाला लागल्या होत्या. दर थोड्या वेळानं काचेचं दार किलकिलं व्हायचं. "सिस्टर, ती डावा पाय चोळतीय."

"रग लागलीय आत्या."

"रग तर रग. सांगितलेलं बरं."

साडेअकराला पुन्हा विसावा भाग आला. सुई टोचली आणि मी, सिस्टर आणि काचेपलीकडून आत्या, तिघीही घड्याळाकडे बघायला लागलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाराव्या मिनिटाला माझ्या डाव्या तळव्याच्या मधोमध मुंगी चालली.

कालचंच सगळं पुन्हा डोक्यात आलं. आता सांगितलं की थांबवतील. मूठ वळायला बोटं आपोआप मिटत होती. मी हात उघडा करून चादरीवर ठेवला.

"सिस्टर, तळव्याला खाज सुटलीय. डाव्या. कालच्याच जागी. कालच्यापेक्षा कमी."

सिस्टर धावल्या नाहीत. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आल्या, तळवा बघितला, म्हणाल्या, "एक पायरी मागं. मागचा डोस पुन्हा द्या. पाऊण तास थांबा. मग पुन्हा विसावा."

"थांबवणार नाही?" मी विचारलं.

"मागं जाणं म्हणजे थांबवणं नव्हे हो," डॉक्टर म्हणाल्या आणि त्याच पावली वॉर्डात परतल्या.

मागचा डोस गेला. काही झालं नाही; म्हणजे काय काय झालं नाही ते मी सगळं सांगितलं. पाऊण तासानं पुन्हा विसावा भाग. तळव्यात मुंगी आली, पण उगाच डोकावून गेल्यासारखी. "पाचव्या मिनिटाला आली, आठव्याला गेली," मी सांगितलं. सिस्टरांनी लिहिलं. पुढच्या दोन सुया, विसावा आणि दहावा यांच्या मधल्या नव्या पायऱ्या. मुंगी आलीच नाही.

मग दहावा भाग. कालचा.

आत्या दार उघडून आतच येऊन उभ्या राहिल्या, त्यांना कोणी बाहेर काढलं नाही. मी तोंडानं मिनिटं मोजत होते. सिस्टरांनी पोटावर यंत्र ठेवलं होतं आणि खोलीभर ठोके वाजत होते. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. बाळानं आतून एक लाथ मारली, चांगली जोरात, यंत्र हललं.

"बाळ हललं," मी म्हणाले. "डावीकडं, बेंबीजवळ."

"ते मला पण दिसलं," सिस्टर म्हणाल्या.

तीस मिनिटं. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. पेन जरा जास्तच दाबलं गेलं; कागद फाटला.

त्यानंतर पायऱ्या भराभर चढल्या. पाव युनिट. अर्धं. साडेतीन वाजून गेल्यावर अख्खं एक युनिट गेलं. लाखाव्या भागापासून निघालेली मी, अख्ख्या युनिटला पोचले. दोन, चार. टोचलेल्या जागी चवलीच्या नाण्याएवढा लाल डाग आला, तोही मी सांगितला, डॉक्टर म्हणाल्या, तेवढ्याला हरकत नाही. सहाच्या सुमाराला मला लागणारा पहिला पुरा डोस, आठ युनिटं, सरळ मूळ बाटलीतून, पाणी न घालता सिरिंजमध्ये भरला. सिस्टरांनी तो मला दाखवला. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच सिरिंजमध्ये काय आहे ते डोळ्यांना नीट दिसत होतं.

जेवणाचं ताट बाजूला तयार होतं. तरी डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी थोडं थांबा. पाच मिनिटं गेली. दहा. पंधरा.

"बोल," सुवार्ता सिस्टर म्हणाल्या. "काय होतंय?"

"तळवे थंड. ओठ ठीक. श्वास मोकळा. घसा मोकळा. आणि भूक लागलीय. मरणाची लागलीय."

सिस्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. आत्यांनी ताट उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मेथीची भाजी, डाळ, दोन भाकऱ्या. मी सगळं पुसून खाल्लं. दोन तासांनी बोटातून रक्त काढून साखर बघितली तेव्हा डॉक्टर मुजावर स्वतः आल्या. आकडा वाचून त्यांनी तो दोनदा सांगितला, एकदा मला आणि एकदा आत्यांना. दोन महिन्यांत एवढी खाली साखर माझी आली नव्हती.

"आता एकच गोष्ट," त्या म्हणाल्या. "बाळ होईपर्यंत एकही सुई चुकवायची नाही. खंड पडला की अंग पुन्हा विसरतं आणि आपल्याला पुन्हा लाखाव्या भागापासून यावं लागतं."

मी एकही चुकवली नाही. सकाळ-संध्याकाळ, चार महिने. नवरा टँकर घेऊन कुठंही असला तरी सात वाजता फोन करायचा आणि विचारायचा, घेतली का, आणि नुसतं हो म्हटलं तर ऐकायचा नाही. टोचलं कुठं, लाल झालं का, किती वेळानं गेलं, सगळं सांगायला लागायचं. आत्यांनी त्याला शिकवून ठेवलं होतं.

कार्तिकात सोलापूरच्या त्याच दवाखान्यात कळा सुरू झाल्या. बाळंतपणाच्या खोलीतली नर्स नवी होती, तरुण, मला ओळखत नव्हती. हातमोजे चढवत तिनं सहज विचारलं, "काही त्रास होतोय का बाई?"

मी सांगायला सुरुवात केली. कळ कुठून निघते, कुठं जाते, किती वेळ टिकते, दोन कळांमध्ये बाळ किती वेळा हललं, कमरेत काय होतंय, डोकं कसं आहे. थोडं ऐकल्यावर तिनं हातमोजे काढून ठेवले, स्टूल घेतलं आणि पेन शोधायला लागली.

संध्याकाळी मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी. बाहेर येताक्षणी तिनं जो सूर लावला तो काही केल्या थांबेना. पुसलं, गुंडाळलं, माझ्या छातीवर ठेवलं, तरी रडतच होती. नर्सनं तिला उचलून थोपटायला घेतलं.

आत्या पुढं झाल्या आणि तिच्या हातातून पोरीला आपल्याकडं घेतलं. "तिला गप्प करू नका," त्या म्हणाल्या. "बोलू दे."